फायबर वाढवलं आणि पोट जास्तच फुगलं, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, बैठं काम. दाढेच्या दुखण्यासाठी आणि पाठोपाठ सायनससाठी असे अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. त्यानंतर पोट बिघडलं ते ताळ्यावर येईना, म्हणून ताईंनी घरबसल्या शौचाची मायक्रोबायोम तपासणी, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंची मोजणी, करून घेतली. रिपोर्टात लाल रंगात 'वैविध्य कमी' असं आलं. मग एका सोमवारपासून नाश्त्याला मोड आलेले कच्चे मूग-मटकी, ओट्स, दोन सफरचंदं, जेवणात कांद्याची कोशिंबीर, पाण्यात कालवून दहा ग्रॅम इन्युलिन (एक विरघळणारा तंतू) पावडर आणि वर प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंची, कॅप्सूल असा कार्यक्रम सुरू झाला. आता रोज संध्याकाळी पोट डब्ब होतं, इतकं की नाडी सैल करावी लागते. सासूबाईंचं म्हणणं, "पूर्वीसारखी भाकरी-आमटी खा." ताई विचारतात: फायबर वाढवूनही त्रास का वाढला, रिपोर्टातलं वैविध्य कशाने वाढेल आणि कॅप्सूल चालू ठेवू का?

सासूबाईंना बरेचसे गुण देऊन सुरुवात करतो. पण त्यांचं म्हणणं का बरोबर आहे हे समजलं नाही, तर पुढच्या महिन्यात कुणीतरी दुसरी पावडर सुचवेल आणि गाडी पुन्हा तिथेच येईल. तेव्हा जरा मुळापासून सांगतो.

एखादा पदार्थ 'पोटाला चांगला' आहे की नाही, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्या पदार्थातलं नेमकं काय न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतं आणि तिथे ते कुठल्या भागात, किती वेगाने आंबतं, हे विचारायला हवं. आपले जिवाणू मुख्यतः मोठ्या आतड्यात राहतात. साखर, पोळीतला बहुतेक स्टार्च, तेल-तूप, बरीचशी प्रथिनं लहान आतड्यातच शोषली जातात. जिवाणूंच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं: तंतू, न पचलेला स्टार्च, कडधान्यांतल्या काही विशिष्ट साखरा, फळा-पानांतली रंगद्रव्यं आणि तुरट द्रव्यं, थोडी प्रथिनं, थोडं पित्त.

हे 'उरलंसुरलं' सगळं एका जातीचं नसतं. इन्युलिन, कांद्या-लसणातले फ्रुक्टन (न पचणाऱ्या साखरेच्या साखळ्या), कडधान्यांतल्या रॅफिनोज-स्टॅकिओज या साखरा हे लहान, पाण्यात विरघळणारे रेणू. ते मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला खाली पोहोचले की जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. थोड्या वेळात भरपूर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सफरचंदात फ्रुक्टोज ही फळातली साखर जास्त असते आणि सॉर्बिटॉल हे साखरेसारखं गोड द्रव्यही असतं. ही दोन्ही अनेकांना पूर्ण शोषता येत नाहीत, शिवाय ती आतड्यात पाणी ओढतात. याउलट गव्हाचा कोंडा, ज्वारीच्या दाण्याचं आवरण, भाज्यांच्या शिरा हे सावकाश आणि अर्धवट आंबतात, त्यामुळे त्यांचा अंश मोठ्या आतड्याच्या डाव्या टोकापर्यंत जातो. इसबगोल तर जवळजवळ आंबतच नाही. ते पाणी धरून जेलसारखं होतं आणि तसंच पुढे सरकतं.

आता तुमचा नाश्ता पाहा. मूग-मटकी, सफरचंदं, इन्युलिन: तिन्ही वेगाने आंबणारी. सकाळी आठला खाल्लेलं लहान आतडं ओलांडून मोठ्या आतड्यात यायला साधारण चार ते सहा तास लागतात. म्हणजे दुपारी एक-दोनला भट्टी पेटते, त्यात दुपारच्या जेवणातला कच्चा कांदा येऊन पडतो आणि संध्याकाळी नाडी सैल करायची वेळ येते. यात बिघाड काहीच नाही. जिवाणू आहेत आणि कामावर आहेत, याचाच हा पुरावा. अर्थात मनस्ताप व्हायचा तो होतोच. पोट थोडं हळवं असेल, तर तेवढाच वायू दुसऱ्याला जाणवत नाही आणि तुम्हाला मात्र ताण देतो.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी हळव्या पोटाच्या, म्हणजे आयबीएसच्या रुग्णांना इन्युलिन देऊन एमआरआयमध्ये आतड्यातला वायू मोजला. नुसत्या इन्युलिनने वायू चांगलाच वाढला. त्याच इन्युलिनबरोबर इसबगोल दिल्यावर ती वाढ बरीच कमी झाली. इसबगोलच्या जेलमध्ये अडकलेलं इन्युलिन जिवाणूंच्या हाती एकदम लागत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. निव्वळ रसायन पाहिलं तर इन्युलिन तेच, पण ते कशाबरोबर पोटात जातं यावर परिणाम फिरला. डब्यातली शुद्ध पावडर आणि अख्खं अन्न यांत मला फरक वाटतो तो इथेच. भाकरी-उसळीत भरभर आंबणारं आणि सावकाश आंबणारं, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं येतं.

जिवाणूंना एवढं खायला घालायचं तरी का? कारण ते त्या बदल्यात जे परत देतात, त्यावर आतड्याचं अस्तर जगतं. आंबण्यातून मुख्यतः तीन छोटी आम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट महत्त्वाचं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपल्या ऊर्जेपैकी ७० टक्क्यांच्या आसपास या एका आम्लातून मिळवतात. शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तातून आलेल्या साखरेवर चालतात, या मात्र आतड्याच्या पोकळीतून, जिवाणूंच्या हातचं खातात. ब्युटिरेट जाळताना त्या भरपूर ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही. ब्युटिरेट बनवणारे फीकॅलिबॅक्टेरियम, रोझबुरिया वगैरे जिवाणू ऑक्सिजनमध्ये टिकूच शकत नाहीत, म्हणजे त्यांना हवी तशी जागा त्यांच्याच मालामुळे तयार राहते.

अँटिबायोटिकने ही साखळी तुटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने २०१७ मध्ये उंदरांवर हे दाखवलं: ब्युटिरेट बनवणारे कमी झाले की अस्तराच्या पेशी साखरेकडे वळतात, ऑक्सिजन वापरणं कमी करतात, तो पोकळीत झिरपतो आणि ई. कोलायच्या कुळातले, ऑक्सिजन चालणारे जिवाणू माजतात. त्यामुळे अँटिबायोटिकनंतर 'चांगले जिवाणू वरून घाला' या सल्ल्यापेक्षा 'ब्युटिरेट बनवणाऱ्यांना कच्चा माल द्या' हा सल्ला मला जास्त पटतो.

माणसांत आहाराने हे किती बदलतं? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी रुग्णांना नेहमी सांगतो. पिट्सबर्गचे वीस आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रामीण क्वाझुलू-नाताळमधले वीस जण, यांच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली. अमेरिकनांचं फायबर दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेलं आणि चरबी कमी केली. आफ्रिकनांना बर्गर-फ्राईजच्या धाटणीचं जेवण दिलं आणि त्यांचं फायबर ६६ वरून १२ ग्रॅमवर आणलं. अमेरिकन गटात ब्युटिरेट सुमारे अडीच पट झालं, आफ्रिकन गटात निम्म्यावर आलं. आतड्याच्या अस्तरातली सूज आणि पेशींची वाढ दाखवणाऱ्या खुणाही त्या-त्या दिशेने हलल्या. हे सगळं जेमतेम दोन आठवड्यांत. म्हणजे बदल व्हायला वर्षं लागत नाहीत. आणि उलट्या दिशेनेही तो तेवढ्याच वेगाने होतो, हे सुट्टीवरून परतलेल्या पोटांना विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे अस्तरावरचा चिकट थर. जिवाणू आणि आपल्या पेशी यांच्यामध्ये ही म्यूकसची गादी असते. ती साखरेच्या साखळ्यांनी बनलेली असल्यामुळे काही जिवाणूंना तीही खाता येते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी जिवाणूरहित उंदरांच्या आतड्यांत माणसाच्या पोटातले ठरावीक चौदा जिवाणू सोडले आणि त्यांचं फायबर तोडलं. जिवाणू म्यूकस खाऊ लागले, थर पातळ झाला आणि उंदरांचा एक विशिष्ट रोगजंतू दिल्यावर त्यांना जीवघेणा आतड्याचा दाह झाला. उंदरावरून माणसावर उडी मारताना जपून, पण रोज मैदा आणि पांढरा भात खाणाऱ्याच्या आतड्यात जिवाणू उपाशी बसत नाहीत, हाताशी असेल ते खातात, एवढं यातून घ्यायला हरकत नाही.

आता आपलं ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कोरड्या धान्यात ज्वारीत १० ग्रॅम, तर बाजरी, नाचणी आणि चाळणीने फार न चाळलेली कणीक यांत ११ ग्रॅमच्या आसपास फायबर असतं. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात ३ पेक्षा कमी. अख्ख्या मुगात १७, अख्ख्या हरभऱ्यात २५, तुरीच्या डाळीत ९. या आकड्यांवरून दोन गोष्टी लक्षात येतील. पोळी सोडून भाकरी धरल्याने फायबर फारसं वाढत नाही. भाकरीचे फायदे इतर आहेत, उदाहरणार्थ तिच्यात कणकेतले फ्रुक्टन नसतात. आणि खरी उडी कडधान्यांत आहे. दोन मध्यम भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, आमटी, एक पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि एक पेरू, एवढ्यात जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेलं दिवसाचं किमान २५ ग्रॅम फायबर आरामात पुरं होतं. तेही पाच-सहा वेगवेगळ्या प्रकारचं. सासूबाईंना गुण दिले ते यासाठी.

मग कडधान्यांनी वायू होतो त्याचं काय? रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बास्कोज या साखरा फोडणारं विकर माणसाच्या शरीरात बनतच नाही. त्या थेट जिवाणूंकडे जातात. पण त्या पाण्यात विरघळतात, आणि आपल्या स्वयंपाकघराने याचा फायदा फार पूर्वीच घेतलेला आहे. मटकी रात्री भरपूर पाण्यात भिजवा, सकाळी ते पाणी ओतून द्या (पोषण वाया जातं म्हणून त्याच पाण्यात शिजवणारे भेटतात, त्यांना वायूचाही पूर्ण लाभ होतो). फडक्यात बांधून मोड काढा. मोड येताना बी याच साखरा स्वतःसाठी खर्च करतं, त्यामुळे चांगला लांब मोड आलेल्या मटकीत त्या बऱ्याच कमी उरतात. मग शिजवा. वालाला मोड आणून, सोलून डाळिंब्या करण्याचा खटाटोप आपल्या आज्या उगीच करत नव्हत्या. हिंग-ओवा घाला, चवीला उत्तमच आहे. मात्र बाजारातला हिंग बहुतेक पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, तेव्हा चिमूटभर हिंगावर सगळी भिस्त ठेवू नका.

कच्चे मोड मात्र बंद करा. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल हीच रोगजंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची मोठी साथ आली, पन्नासहून अधिक माणसं दगावली, आणि शोध घेता-घेता धागा पोहोचला तो मेथीच्या मोडांपर्यंत. पाच-सात मिनिटं वाफ दिली तर हा धोकाही जातो आणि पोटावरचा भारही उतरतो.

शिळ्या भाताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. शिजलेला भात थंड झाला की त्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. ही गोष्ट खरी आहे. सध्या तिचं कौतुक मात्र प्रमाणाबाहेर चाललंय. मोजमाप पाहिलं तर १०० ग्रॅम ताज्या पांढऱ्या भातात असा स्टार्च अर्धा-पाऊण ग्रॅम, आणि २४ तास फ्रिजमध्ये ठेवून गरम केलेल्यात दीड ग्रॅमच्या जवळपास. म्हणजे दुप्पट-अडीचपट, पण कशाच्या? त्यापेक्षा दोन चमचे उसळ जास्त घेतलेली बरी. आवडतो म्हणून फोडणीचा भात जरूर खा. फक्त उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस वाढून जे विष सोडतो, ते पुन्हा परतल्याने जात नाही.

फायबरच्या पलीकडे आणखी एक मोठा गट आहे, आणि माझ्या मते पुढच्या काही वर्षांत जास्त ऐकू येईल तो हाच: पॉलिफेनॉल. डाळिंब, जांभूळ, आवळा, चहा, कोको, हळद, जवस यांतली तुरट, कडू, रंगीत द्रव्यं. त्यांचा मोठा हिस्सा लहान आतड्यात शोषला जात नाही, जिवाणूंकडे जातो, आणि जिवाणू त्यांचं काहीतरी वेगळंच करतात. डाळिंबातल्या इलॅजिटॅनिनपासून युरोलिथिन नावाची द्रव्यं बनतात. पण ती सगळ्यांच्या पोटात बनत नाहीत. त्यासाठी लागणारे जिवाणू ज्याच्याकडे आहेत त्यालाच ती मिळतात. सोलापूरच्या एकाच बागेतलं डाळिंब दोन भावांनी खाल्लं, तरी एकाच्या लघवीत युरोलिथिन ए सापडेल आणि दुसऱ्याच्या नाही. सोयाबीनमधल्या डेडझिनपासून इक्वॉल बनवणं हेही असंच काहींनाच जमतं. जवसातल्या लिग्नानपासून एंटरोलॅक्टोन बनतं तेही जिवाणूंच्याच हातून, आणि अँटिबायोटिकनंतर ते काही काळ कमी होतं. 'अमुक फळाचा अर्क सर्वांसाठी' अशा कॅप्सूलवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे. त्या अर्काचं काय होणार हे घेणाऱ्याच्या जिवाणूंवर ठरतं. जवसाची चटणी मात्र रोज एक चमचा खुशाल घ्या. ती चविष्ट आहे, त्यात फायबर आहे आणि ती स्वस्त आहे. जवस भाजून कुटलेलं हवं, अख्खं गिळलं तर बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं.

कोबी, फ्लॉवर, मोहरीची पानं, मुळा यांची वाट आणखी निराळी. त्यांतल्या ग्लुकोसिनोलेटपासून इंडोल गटातली द्रव्यं तयार होतात. आतड्याच्या भिंतीतल्या प्रतिकारपेशींवर एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ठरावीक द्रव्यं ओळखून पकडणारा रेणू) असतो, त्याला ती जाऊन चिकटतात. असं अन्न बंद केलेल्या उंदरांत भिंतीतल्या त्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. जिवाणू स्वतःही प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून अशीच द्रव्यं बनवतात. पण प्रथिनांचा अतिरेक आणि तंतूंची वानवा असेल तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात जिवाणू प्रथिनंच कुजवायला लागतात: अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, क्रेसॉल. रोज दोन स्कूप प्रोटीन पावडर आणि पालेभाजीशी वैर, अशा तरुणांच्या घरच्यांना मी काय म्हणतोय ते वासावरूनच कळेल.

आता दही, ताक, कॅप्सूल. दह्याने दोन कामं होतात. विरजणाच्या जिवाणूंनी दुधातली बरीच साखर आधीच खाल्लेली असते, म्हणून ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही दही चालतं. दुसरं, जिवंत जिवाणू पोटात जातात, पण ते पाहुणे असतात. मुक्काम ठोकत नाहीत. म्हणून रोज थोडं खाण्याला अर्थ आहे. कढी केली, इडली-आंबोळी केली की ते मरतात. पदार्थ पचायला हलका होतो तो वेगळ्या कारणाने. आपलं तेल-मिठातलं कैरीचं लोणचं हे आंबवलेल्या अन्नात मोजू नका.

स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ निरोगी माणसांवर केलेला अभ्यास इथे लागू आहे. दहा आठवडे एका गटाने भरपूर फायबर खाल्लं, दुसऱ्याने दही, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेली कोबी) असे आंबवलेले पदार्थ. जिवाणूंचं वैविध्य वाढलं ते दुसऱ्या गटात, आणि रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रथिनंही त्यांच्यातच उतरली. फायबरच्या गटात वैविध्य सरासरीने वाढलंच नाही. याचा अर्थ फायबर निरुपयोगी असा लावला गेला, तो घाईचा आहे: दहा आठवडे हा काळ कमी आहे, आणि मुळात जे जिवाणू पोटातून गेलेलेच आहेत त्यांना खाऊ घालून ते उगवत नाहीत. व्यवहारात मी दोन्ही सांगतो. दुपारी वाटीभर घरचं दही किंवा ताक, आणि उन्हाळ्यात आंबील. नाचणीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवतात आणि सकाळी शिजवतात, ती आंबील. शिजवून निवल्यावर वरून पुन्हा थोडं ताजं ताक घातलंत तर जिवंत जिवाणूही मिळतात.

कॅप्सूल बंद करा. तुमच्या बाबतीत ती चालू ठेवायला कारण दिसत नाही. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की अँटिबायोटिकनंतर अनेक जिवाणूंची मिश्र प्रोबायोटिक घेणाऱ्यांत मूळ जिवाणू परत यायला उलट उशीर झाला. काही न घेणाऱ्यांत ते लवकर परतले. अभ्यास लहान होता, पण दिशा विचार करायला लावणारी आहे. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशननेही २०२० च्या मार्गदर्शनात आयबीएससाठी प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चौकटीतच वापरावं, असं म्हटलं आहे. काही ठरावीक आजारांत ठरावीक जात उपयोगी पडते, ती गोष्ट वेगळी.

रिपोर्टाबद्दल फार लिहीत नाही. एका दिवसाच्या शौचाच्या नमुन्यावरून आतड्याची प्रकृती सांगणं म्हणजे सकाळी नऊला दादरच्या फलाटाचा एक फोटो काढून मुंबईत कोण राहतं ते सांगण्यासारखं आहे. आदल्या दिवशीचं जेवण, जुलाब की बद्धकोष्ठ, नमुना किती वेळ डबीत राहिला, यांवर आकडे हलतात. फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडेट्स या जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांच्या गुणोत्तराला रोगनिदानात किंमत नाही. शिवाय भारतीय पोटांत प्रिवोटेला हा गट भरपूर असतो, हे आपल्याकडच्या एकाहून अधिक अभ्यासांत आलेलं आहे; पाश्चात्त्य नमुन्यांशी तुलना करणारी यंत्रणा त्यालाच बिघाड म्हणू शकते. अँटिबायोटिकनंतर वैविध्य कमी दिसणं अपेक्षितच आहे. डेन्मार्कमध्ये बारा निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबर अँटिबायोटिक दिली, तेव्हा दीड महिन्यात बहुतेक जिवाणू मूळ पातळीच्या जवळ आले, काही प्रजाती मात्र सहा महिन्यांनीही दिसल्या नाहीत. तुमचे कोर्स त्यापेक्षा सौम्य होते. पुन्हा तपासणीवर पैसे घालू नका.

टाळण्यासारखं काय, तर फार लांब यादी नाही. आइस्क्रीम, पाकिटबंद सॉस, क्रीमची बिस्किटं यांत घट्टपणासाठी घातलेली काही इमल्सिफायर उंदरांत म्यूकसचा थर बिघडवतात. पाकिटावर ४६६ म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, ४३३ म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०. माणसांवरच्या एका छोट्या प्रयोगात ४६६ रोज १५ ग्रॅम दिलं तेव्हा काहींमध्ये जिवाणू अस्तराच्या जवळ सरकलेले दिसले. पण १५ ग्रॅम ही मोठी मात्रा आहे, महिन्यातून एकदा कुल्फी खाण्याशी तिचा संबंध जोडू नका. 'शुगर-फ्री' गोळ्या-चॉकलेटांतले सॉर्बिटॉल, माल्टिटॉल मात्र तुमच्यासारख्या पोटाला लगेच जाणवतात.

आता करायचं काय? पहिले दहा दिवस इन्युलिन, सफरचंद, कच्चा कांदा आणि कच्चे मोड बंद. भाकरी किंवा पोळी, मुगाच्या डाळीचं वरण, दुधी-दोडका-भेंडी-गाजर, पपई किंवा केळं, ताक. शौचाला साफ होत नसेल तर रात्री एक चमचा इसबगोल मोठा पेलाभर पाण्यात. पोट शांत झालं की दोन मोठे चमचे शिजवलेली मोडाची मटकी एक दिवसाआड, आठवड्याने रोज, मग अर्धी वाटी. एका वेळी एकच नवीन पदार्थ. वायू पहिल्यांदा थोडा वाढेल. बार्सिलोनातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दुधाच्या साखरेपासून बनवलेलं गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड रोज थोडं दिलं, तेव्हा सुरुवातीला वायू वाढला आणि पुढे दोन-तीन आठवड्यांत तो पूर्ववत झाला, जिवाणू मात्र वाढलेलेच राहिले. जिवाणूंचा समाजच बदलतो; वायू सोडणाऱ्यांबरोबर वायू वापरणारेही वाढतात. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणं हे निरोगी पोटाचंच लक्षण आहे, त्याची लाज वाटून उसळ सोडू नका.

कांदा-लसूण चालत नाही असं या काळात लक्षात आलं, तर फोडणीची एक युक्ती सांगतो. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. लसणीच्या पाकळ्या ठेचून तेलात सावकाश तळा, लाल झाल्या की काढून टाका आणि त्याच तेलात मोहरी-जिरं घाला. वास आणि चव तेलात उतरलेली असते, फ्रुक्टन पाकळीबरोबर गेलेले असतात. कांदा रस्सा भाजीत शिजवून मग वेचून टाकण्याचा उपयोग नाही, कारण तोवर ते रश्शात उतरतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने पुढे आणलेला लो-फॉडमॅप, म्हणजे भरभर आंबणाऱ्या साखरा कमी करणारा, आहार याच तत्त्वावर आहे. पण तो चार ते सहा आठवड्यांचा शोध आहे, आयुष्यभराचं पथ्य नव्हे. जास्त दिवस ओढला तर बायफिडो गटाचे जिवाणूच उपाशी पडतात आणि कमी होतात.

गहू मात्र मनाने सोडू नका. गव्हाने त्रास होतो असं वाटणाऱ्या ५९ जणांवर नॉर्वेत केलेल्या चाचणीत त्रास ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनापेक्षा फ्रुक्टननेच जास्त झाला. सीलिॲकची, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होण्याच्या आजाराची, शंका असेल तर त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधी सोडून मग तपासलं तर रिपोर्ट खोटा दिलासा देतो. सीलिॲक उत्तर भारतात जास्त, आपल्याकडे कमी, पण नाहीच असं नाही.

हे सगळं वायू, फुगणं, कधी सैल तर कधी घट्ट शौच एवढ्यापुरतं आहे. शौचात रक्त किंवा काळी शौच, न कळत उतरणारं वजन, वारंवार ताप, हिमोग्लोबिन कमी, झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यांतलं एकही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञाकडे जा. आपल्याकडे आतड्याचा क्षय अजून दिसतो आणि सुरुवातीचे काही महिने तो 'गॅसचा त्रास' म्हणूनच खपतो. आणि पुन्हा कधी दाढ दुखली, तर अँटिबायोटिक खरंच लागणार आहे का, हे दंतवैद्याला विचारून घ्या. पुष्कळदा रूट कॅनाल किंवा गळूचा निचरा पुरेसा असतो.